ई-मेलमध्यें अडलेल्या फाइली



माझें गांव काष्टी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यांत, दौंडहून नगरकडे येतांना भीमा ओलांडली म्हणजे थोड्याच अंतरावर तें लागतें. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळें त्याचें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवर असेल. अशा गांवच्या एका निवृत्त मास्तरानें, ज्याचें शिक्षण जुन्या अकरावीची मॅट्रिक व त्यावर अध्यापनाची पदविका एवढेंच आहे त्यानें, शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस संगणकाविषयीं चार गोष्टी सांगाव्या, याचें कित्येकांस नवल वाटेल. तें वाटणें योग्यच आहे. परंतु मी तज्ज्ञ म्हणून आपल्यापुढें आलेलों नाहीं. ज्याच्या हातून एक मोठी चूक झाली, आणि ती कशी झाली हें समजून घेण्यांत ज्यानें नंतर बराच वेळ घालविला, असा एक मनुष्य म्हणून मी बोलत आहें.

ती चूक प्रथम सांगतों. २०१७ सालच्या आरंभाची ही गोष्ट. माझ्या निवृत्तीस कांहीं महिने उरले होते. शाळेचें जनरल रजिस्टर म्हणजे काय हें आपणांस ठाऊक आहे. मुलाचें नांव, जन्मतारीख, जन्मस्थळ, शाळेंत आल्याची व गेल्याची तारीख, सर्व कांहीं त्यांत असतें, आणि मनुष्य साठ वर्षांचा झाला तरी दाखल्यासाठीं त्याला त्याच रजिस्टराकडे यावें लागतें. जुन्या रजिस्टरांचीं पानें तुकडे होऊं लागलीं होतीं, म्हणून उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या खर्चून मीं त्या नोंदी शाळेच्या संगणकावर उतरविल्या होत्या. एके दिवशीं शाळेच्या ई-मेलवर शैक्षणिक साहित्याचें बिल म्हणून वर्डची एक फाईल आली. ती उघडली तों आंत मजकूर नव्हता. निरर्थक अक्षरें होतीं, आणि मजकूर नीट दिसण्यासाठीं वरचें बटण दाबावें अशी सूचना होती. वर एक पिवळी पट्टी होती. या फाईलींतील कांहीं भाग सुरक्षिततेसाठीं बंद ठेवला आहे, असें ती पट्टी सांगत होती. आणि तो भाग सुरू करण्याचें बटण तिच्याच शेजारीं होतें. मीं तें दाबलें.

तासाभरांत संगणकांतील एकही फाईल उघडेना. सर्वांचीं नांवें बदललेलीं, आणि पडद्यावर खंडणीची मागणी. नक्कल म्हणून ठेवलेला पेन ड्राईव्हही त्याच वेळीं संगणकास जोडलेला होता. त्याचीही तीच गत झाली. मूळ कागदी रजिस्टरें कपाटांत शाबूत होतीं, म्हणून लोकांचे दाखले वांचले. माझे दोन उन्हाळे मात्र गेले.

या प्रसंगांत मला सर्वांत अधिक लागलेली गोष्ट अशी, कीं संगणकानें मला सावध केलें होतें. पहारेकरी दारांत उभा होता. त्याला बाजूस सारून चोरास आंत घेणारा मीच होतों. आजचा विषय त्या पहारेकऱ्याचाच आहे. आलेल्या ई-मेलसोबतची फाईल उघडत नाहीं, जीमेल ती घेत नाहीं, आउटलुक ती दाखवीत नाहीं, अँटिव्हायरसनें ती काढून टाकली, अशा तक्रारी आज घरोघरीं ऐकूं येतात. आणि त्यावरचा उपाय म्हणून बहुधा पहारेकऱ्याला झोपविण्याची युक्ति विचारली जाते. ही युक्ति कां विचारूं नये, आणि तिच्यावांचून आपलें काम कसें साधावें, हें आज पाहूं.

प्रथम थोडा इतिहास. ई-मेलसोबत चित्र, ध्वनि किंवा अन्य फाईल जोडण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, ती १९९२ सालीं अमेरिकेंत सिद्ध झाली. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठीं इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली. त्यापूर्वींचे व्हायरस फ्लॉपीवरून फिरत. एका संगणकांतून दुसऱ्यांत जावयास त्यांस माणसाचा हात व कित्येक दिवसांचा काळ लागे. ई-मेलनें तें अंतर नाहींसें केलें. मार्च १९९९ मध्यें 'मेलिसा' नांवाचा व्हायरस वर्डच्या फाईलींतून पसरला. तो ज्याच्या संगणकांत शिरे त्याच्या पत्त्यांच्या वहींतील पहिल्या ५० जणांस आपण होऊन पत्र धाडी. पुढच्याच वर्षीं, ४ मे २००० रोजीं, फिलिपाईन्समधून निघालेलें एक 'प्रेमपत्र' अवघ्या कांहीं तासांत जगभर पोहोंचलें. 'आय लव्ह यू' असा त्या पत्राचा विषय होता, आणि सोबतची फाईल साधें टिपण असल्यासारखी दिसे.

ती तशी कां दिसे, हें नीट समजून घेणें अवश्य आहे. कारण २५ वर्षांनंतरही फसवणूक त्याच वाटेनें होते. प्रत्येक फाईलीच्या नांवाच्या शेवटीं एक टिंब व त्यापुढें दोन-चार अक्षरें असतात. डॉट पीडीएफ म्हणजे वाचावयाचा कागद, डॉट जेपीजी म्हणजे चित्र, डॉट टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर. हे केवळ पाहण्याचे किंवा वाचण्याचे जिन्नस झाले. उलट डॉट ईएक्सई, डॉट जेएस, डॉट व्हीबीएस, डॉट बॅट हे शेवट म्हणजे हुकूम होत. अशी फाईल आपण वाचीत नाहीं. ती चालते, आणि तिच्यांत जें लिहिलें असेल तें संगणक निमूटपणें करतो. आतां विंडोज प्रणाली ओळखीच्या प्रकारांचीं हीं शेवटचीं अक्षरें सहसा लपवून ठेवते. त्या प्रेमपत्राच्या फाईलीचा खरा शेवट डॉट व्हीबीएस असा होता, पण त्याच्या आधीं डॉट टीएक्सटी असें मुद्दाम घातलेलें होतें. विंडोजनें खरें शेपूट झाकलें, खोटें तेवढें दिसलें, आणि लाखो लोकांनीं टिपण समजून हुकूम चालविला.

आमच्या बाजारांत बैल विकत घेतांना जाणता शेतकरी व्यापाऱ्यानें सांगितलेल्या वयावर विसंबत नाहीं. तो जबडा उघडून दात पाहतो. फाईलीचे दात म्हणजे हीं शेवटचीं अक्षरें. तीं दिसावींत अशी व्यवस्था आजच करून ठेवा. विंडोज ११ मध्यें फाइलींची खिडकी उघडून 'व्ह्यू', मग 'शो', आणि त्यांतील 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण केली कीं तीं कायमचीं दिसूं लागतात. या कामास अर्धें मिनिटही लागत नाहीं.

'प्रेमपत्रा'नंतर मात्र ई-मेल चालविणाऱ्या कंपन्यांनीं धडा घेतला. मायक्रोसॉफ्टनें २००० सालींच आउटलुकसाठीं अशी सुधारणा काढली, कीं हुकूम चालविणाऱ्या प्रकारांच्या फाइली वाचकाच्या हातीं पडूंच नयेत. जीमेल डॉट ईएक्सई फाइली पूर्वींपासूनच नाकारीत होतें. फेब्रुवारी २०१७ पासून तें डॉट जेएस फाइलीही नाकारूं लागलें. अशी फाईल झिपच्या गाठोड्यांत बांधून पाठविली तरी जीमेल तें गाठोडें सोडून आंत पाहतें. आणि ज्या पिवळ्या पट्टीवरील बटणानें माझा घात केला, तें बटणही मायक्रोसॉफ्टनें २०२२ सालीं बदललें. वर्ड किंवा एक्सेलच्या फाईलींत दडविलेल्या हुकुमांस मॅक्रो म्हणतात. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो आतां सहजासहजीं सुरूच होत नाहींत. पिवळ्या पट्टीच्या जागीं लाल पट्टी येते, आणि तिच्यावर तें बटण नसतें. हा बदल पांच वर्षें आधीं झाला असता तर, असें माझ्या मनांत येतें. पण तो विचार व्यर्थ होय.

आतां आपल्या फाईलीस कोणीं अडविलें हें ओळखावयास शिकूं. अडविण्याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें कारण आकाराचें. जीमेलवरून एका पत्रासोबत २५ एमबीपेक्षां अधिक वजनाच्या फाइली जात नाहींत. शिवाय पत्रांत घालतांना फाईलीचें वजन सुमारें एक तृतीयांशानें वाढतें, म्हणून मर्यादेच्या अगदीं जवळ असलेली फाईल दुसऱ्या टोकास नाकारली जाण्याचा संभव असतो. येथें धोक्याचा प्रश्न नाहीं, केवळ वजनाचा आहे. दुसरें कारण प्रकाराचें. फाईल चांगली असो वा वाईट, ती हुकूम चालविणारी आहे एवढ्यावरच तिला अडविलें जातें. तिसरें कारण संशयाचें. अँटिव्हायरसला किंवा ई-मेल कंपनीला त्या विशिष्ट फाईलींत कांहीं आढळलें आहे, म्हणून ती वेगळी काढून ठेवली जाते. पडद्यावर येणारी सूचना या तिहींपैकीं कोणतें कारण आहे तें बहुधा सांगते. परंतु आपण ती वाचण्यापूर्वींच बंद करतों. यापुढें ती वाचा. न समजल्यास कागदावर उतरून घ्या.

संशयाचें काम कसें चालतें तेंही सांगतों. १८९७ सालीं मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं तयार केलेली लस प्लेगसाठीं होती. देवीस ती चालली नसती. अँटिव्हायरसचें मूळ काम असेंच आहे. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची यादी त्याच्यापाशीं असते व प्रत्येक फाईल तो तिच्याशीं ताडून पाहतो. पुण्यांत कैलास व संजय काटकर या बंधूंनीं १९९० च्या दशकांत अशाच कामास आरंभ केला, व त्यांतून 'क्विक हील' हें नांव घरोघरीं गेलें. परंतु यादींत नसलेला नवा व्हायरस कसा ओळखावा? त्यासाठीं आजचे अँटिव्हायरस फाईलीची वागणूकही पाहतात. एखादा प्रोग्रॅम भराभर शेंकडों फाइली बदलूं लागला तर त्याचा हात धरतात. यावरून दोन गोष्टी निघतात. अँटिव्हायरसची यादी रोजच्या रोज ताजी झाली पाहिजे. आणि 'संशय' म्हणजे 'सिद्ध अपराध' नव्हे, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. निर्दोष फाईलही कधीं कधीं अडविली जाते.

२०२२ सालीं महाराष्ट्रांत गाईबैलांना लंपीचा रोग झाला, तेव्हां जनावरांचे बाजार बंद ठेवण्यांत आले. ज्यांचीं जनावरें निरोगी होतीं त्यांचीही त्यांत कुचंबणा झाली. तरी कोणा शहाण्या शेतकऱ्यानें असें म्हटलें नाहीं, कीं माझा बैल धडधाकट आहे, सबब रात्रीं कुंपण मोडून बाजार भरवा. निर्दोष असल्याची खात्री पटवावयाची ती योग्य वाटेनें. फाइलींचेंही तसेंच आहे.

या दोन बाजू दाखविणारे दोन प्रसंग माझ्या पाहण्यांतले आहेत. पुण्यास राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मराठी टंकलेखनाचा एक लहानसा प्रोग्रॅम मला धाडावयाचें ठरविलें. जीमेलनें तो नाकारला. झिप केला, तरी नाकारला. तेव्हां त्यानें फोन केला, "गुरुजी, मी फाईलीचें शेवटचें नांव बदलून पाठवितों, तुम्ही तिकडे पुन्हां पहिलें करून घ्या." ही युक्ति सर्वत्र सांगितली जाते. मीं त्यास म्हटलें, "बाळा, तूं मला फाईल पाठवूं नकोस, ती ज्यानें बनविली त्याच्या अधिकृत संकेतस्थळाचें नांव सांग." त्यानें सांगितलें, मीं तेथून प्रोग्रॅम उतरवून घेतला, अँटिव्हायरसनें तपासला आणि बसविला. काम झालें, शिवाय प्रोग्रॅमची ताजी आवृत्ति मिळाली. वेष पालटून आलेल्या पाहुण्यास आज आपण दार उघडलें, तर उद्यां त्याच वेषांत चोर आल्यावर त्याला ओळखणार कसें?

दुसरा प्रसंग याच्या उलट. आमच्या शेजारच्या एका मुलीचा कॉलेजप्रवेश चालू होता. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशीं दुपारीं ई-मेल आला, कीं तुमच्या शुल्काच्या पावतींत चूक आहे, सोबतची फाईल त्वरित भरून पाठवा, नाहींतर प्रवेश रद्द होईल. सोबत कुलूपबंद झिप फाईल, आणि तिचा पासवर्ड त्याच पत्रांत लिहिलेला. ती उघडतांच अँटिव्हायरसनें आंतील जिन्नस काढून टाकला. घरांत रडारड सुरू झाली. त्या घरचा दुधाच्या बिलाचा व बँकेचा सर्व व्यवहार त्याच संगणकावरून चालतो. मुलीचे वडील माझ्याकडे धांवत आले व म्हणाले, "गुरुजी, तेवढा अँटिव्हायरस पांच मिनिटें बंद करून द्या. पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे." माझ्या डोळ्यांपुढें तें पिवळें बटण आलें. मीं म्हटलें, "बंद करूं, पण आधीं कॉलेजला एक फोन करूं. आणि नंबर पत्रांतला नको, प्रवेशाच्या पुस्तिकेवर छापलेला घेऊं." फोन लागावयास वीस मिनिटें गेलीं, आणि तीं वीस मिनिटें त्या घरास फार जड गेलीं. कॉलेजांतून उत्तर आलें, कीं असा कोणताही ई-मेल धाडलेला नाहीं. प्रवेश कायम आहे.

त्या पत्रांतील कुलूपबंद झिपची खुबी समजून घ्या. आमच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितात, तो शेजारी उभा असलेल्यासही कळत नाहीं. फाईलीला पासवर्डाचें कुलूप लावलें कीं वाटेवरील पहारेकऱ्यास आंतलें कांहीं दिसत नाहीं. आणि किल्ली पत्रांतच असल्यामुळें आपण मात्र सहज उघडतों. आपण म्हणाल, बँकाही कुलूपबंद फाइली धाडतात, आणि आधारची ई-प्रतही कुलूपबंद असते. खरें आहे. परंतु तेथें पासवर्ड पत्रांत तयार लिहिलेला नसतो. तो कसा बनवावा याचा नियम तेवढा सांगितलेला असतो. उदाहरणार्थ, ई-आधारसाठीं नांवाचीं पहिलीं चार इंग्रजी मोठीं अक्षरें व जन्माचें साल. शिवाय त्या फाइली पीडीएफ असतात, झिप नव्हेत. कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटांत आलीं, तर तें कुलूप आपल्यासाठीं नसून पहारेकऱ्यासाठीं आहे असें समजावें.

आतां फाईल अडली असतां काय करावें तें क्रमानें सांगतों.

प्रथम स्वतःस विचारावें, मी या फाईलीची वाट पाहत होतों काय? नसल्यास उघडण्याची घाई कशाला? परिचिताच्या नांवानें पत्र आलें म्हणजे तें परिचिताचेंच असतें असें नाहीं. मेलिसाचीं सर्व पत्रें परिचितांकडूनच आलेलीं होतीं. म्हणून दुसरी पायरी, धाडणाऱ्यास दुसऱ्या मार्गानें विचारणें. पत्रास उत्तर देऊन विचारूं नये, कारण तें उत्तर चोराच्याच हातीं जाण्याचा संभव असतो. आपल्यापाशीं आधींपासून असलेल्या नंबरावर फोन करावा.

फाईल खरी ठरल्यास तिसरी पायरी, ती निरुपद्रवी रूपांत मागविणें. वर्डची फाईल पीडीएफ करून मागवावी. फोटो असल्यास फोटो म्हणूनच मागवावा. आकार मोठा असल्यास धाडणाऱ्यानें ती गुगल ड्राईव्हसारख्या जागीं ठेवून दुवा पाठवावा. ड्राईव्ह १०० एमबीपर्यंतच्या फाइली व्हायरससाठीं तपासतो. त्याहून मोठी फाईल तपासतां येत नाहीं व तो तसें सांगतो. अनोळखी माणसाचा दुवा मात्र अनोळखी फाईलीइतकाच धोक्याचा होय. पीडीएफही सर्वस्वीं निर्दोष नसते, तिच्यांत फसवे दुवे असूं शकतात. म्हणून ती उतरवून न घेतां जीमेलमध्येंच वरच्यावर पाहावी. आणि डॉट एचटीएमएल अशी फाईल सोबत आली व तिनें उघडतांच आपला पासवर्ड विचारला, तर तो कदापि देऊं नये.

चौथी पायरी तपासणीची. विंडोज १० व ११ मध्यें डिफेंडर नांवाचा अँटिव्हायरस अंगचाच असतो. फाईलीवर उजवें बटण दाबून ती त्याच्याकडून तपासून घेतां येते. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एक फाईल अनेक अँटिव्हायरसांकडून एकाच वेळीं तपासून मिळते. पण तेथें दिलेली फाईल संशोधकांसही उपलब्ध होते. सबब पॅन, आधार, वैद्यकीय अहवाल, खरेदीखत असे खाजगी कागद तेथें कधींही चढवूं नयेत.

आणि कचेरीच्या ई-मेलमध्यें फाईल अडली असल्यास पांचवी गोष्ट. ती कचेरीच्या संगणक विभागाकडून सोडवून घ्यावी. आपल्या घरच्या पत्त्यावर वळवून घेऊं नये. कचेरीचा व्हायरस घरीं आणण्याचा तो राजमार्ग आहे.

काय करूं नये, तेंही तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. अँटिव्हायरस 'पांच मिनिटांसाठीं' बंद करूं नये. व्हायरसास पांच सेकंदही पुरतात. आउटलुकच्या आंतील नोंदींत फेरफार करून अडविलेले प्रकार मोकळे करण्याची कृति कित्येक ठिकाणीं दिलेली असते. ती खोटी नाहीं, परंतु तिच्यांतील तोटा असा, कीं मोकळीक त्या एका फाईलीपुरती राहत नाहीं. त्या प्रकारच्या आज, उद्यां व पुढें येणाऱ्या सर्व फाइलींस ती मिळते. एका पाहुण्यासाठीं दाराची कडीच काढून टाकण्यासारखें तें आहे.

आपणांपैकीं पुष्कळ जण म्हणतील, कीं आमचा सर्व व्यवहार आतां फोनवर चालतो. तेथें हेंच संकट नवें रूप घेऊन आलेलें आहे. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचें चलान येतें, बँकेची सूचना येते. आणि फाईलीचा शेवट असतो डॉट एपीके. एपीके म्हणजे अँड्रॉईड फोनचा प्रोग्रॅम. तो बसविला कीं फोनवर येणारे बँकेचे ओटीपी वाचण्याची परवानगी तो आपणांकडूनच मागून घेतो. येथें एकच नियम घरांतील आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांस पाठ असावा. लग्नपत्रिका हा कागद आहे. ती चित्र असेल किंवा पीडीएफ असेल, ती प्रोग्रॅम कधींही नसते. अनोळखी ठिकाणचे प्रोग्रॅम बसविण्यास फोन स्वतः अटकाव करतो व परवानगी मागतो. ती देऊं नये. तोही पहारेकरीच आहे.

इतकें करूनही सर्व धोके ई-मेलच्याच दारानें येतात असें मात्र समजूं नये. जून २०१७ मध्यें 'नॉटपेट्या' या उपद्रवामुळें आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम विस्कळीत झालें. तो उपद्रव मुळांत युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तींतून निघाला होता. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत घातक प्रोग्रॅम शिरवून ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. मोठमोठ्या संस्थांची ही कथा, तर तुमच्या-माझ्या घरची काय! म्हणून पहारेकरी कितीही चांगला असला तरी शेवटचा आधार आपल्या नकलांचा.

नक्कल कशी ठेवावी, हें मी फार महाग दरानें शिकलों. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि एक प्रत घराबाहेर असावी. पेन ड्राईव्ह किंवा हार्ड डिस्क नक्कल होतांच काढून ठेवावी. संगणकास सदैव जोडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. मूळ जळतांना तीही जळते. सातबारा, पॅन, गुणपत्रिका हे कागद सरकारी स्थळांवरून पुन्हां मिळतात. वाहनाचा परवाना व पुष्कळ गुणपत्रिका डिजिलॉकरमध्यें ठेवतां येतात. पण आईचे फोटो, वडिलांच्या आवाजांतील ध्वनिफीत, स्वतः लिहिलेलें लेखन, हें पुन्हां कोठूनही मिळत नाहीं. त्यांच्या नकला आधीं करा.

आणि अपघात घडलाच, तर? प्रथम संगणकाचें इंटरनेट तोडावें, म्हणजे वायफाय बंद करावें व तार काढावी. जोडलेले पेन ड्राईव्ह काढून घ्यावे. घाबरून खंडणी देऊं नये. पैसे देऊनही फाइली परत मिळतील याची शाश्वती नसते. दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदलावे. पैशांची फसवणूक झाली असल्यास एक क्षण न दवडतां १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेसही कळवावें. लवकर कळविलें तर पुढें जाणारा पैसा वाटेंत थोपविण्याचा संभव असतो. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवितां येते. २०१७ पासून चालणाऱ्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर संगणक स्वच्छ करण्याचीं साधनें मोफत मिळतात.

आणखी एक गोष्ट मास्तर या नात्यानें सांगतों. घरांत ज्याच्या हातून अशी चूक होईल त्याला रागावूं नका. माझ्या चुकीनंतर मी पहिला अर्धा दिवस कोणाशींही बोललों नाहीं. लाज वाटत होती. तेवढ्या वेळांत शाळेच्या दुसऱ्या संगणकावरही तोच उपद्रव पोहोंचला. मीं लगेच सांगितलें असतें तर निदान तो तरी वांचला असता. ज्या घरांत चूक बोलून दाखवितां येते, तें घर अधिक सुरक्षित असतें.

पुढें निवृत्त झाल्यावर मीं ती जुनीं रजिस्टरें पुन्हां संगणकावर उतरविलीं. यावेळीं तीन उन्हाळे लागले, कारण डोळे पूर्वींसारखे राहिले नाहींत. त्यांची एक प्रत शाळेंत आहे, एक माझ्या घरीं कपाटांत आहे आणि एक दूर पुण्यास त्या टंकलेखनवाल्या विद्यार्थ्यापाशीं आहे. मागल्या वर्षीं एक वृद्ध गृहस्थ जन्मतारखेच्या दाखल्यासाठीं आले. मूळ पानावरील त्यांची ओळ वाळवीनें खाल्लेली होती. संगणकावर मात्र ती होती. त्या ओळीची एक छापील प्रत मीं माझ्या टेबलाच्या खणांत ठेवली आहे. एखादें बटण घाईनें दाबावेंसें वाटलें, कीं मी तो खण उघडतों.